आईबापांचे पाप मुलांना भोवते का? हा प्रश्न बायबलमधून कसा सोडवावा

हा प्रश्न बायबल अभ्यासाच्या वर्गात क्वचितच निव्वळ जिज्ञासेपोटी येतो. बहुतेक वेळा त्याच्या मागे एखादे घर उभे असते: जन्मतः ऐकू न येणारे बाळ, तिसऱ्यांदा झालेला गर्भपात, बापासारखाच दारूच्या आहारी गेलेला मुलगा, किंवा लग्नाआधी घडलेल्या गोष्टीची वीस वर्षे मनात दडवलेली टोचणी. विचारणारी व्यक्ती प्रश्न मात्र सर्वसाधारण शब्दांत विचारते, आणि उत्तर देणारा पाळक, धर्मगुरू किंवा वर्ग घेणारा माणूस लगेच बायबलच्या जुन्या करारातील निर्गम या पुस्तकाचे विसावे प्रकरण उघडतो, जेथे वडिलांच्या अन्यायाबद्दल मुलांना तिसऱ्या व चौथ्या पिढीपर्यंत शासन होईल असे वचन आहे. तेथेच पहिली चूक होते. पुढील टिपण अशा उत्तर देणाऱ्यांसाठी आहे, आणि हा प्रश्न स्वतःच्याच मनाला विचारणाऱ्या आईबापांसाठीही आहे.

आधी प्रश्न कोणता आहे ते ओळखावे

‘भोवणे’ हे आपले क्रियापद मोठे फसवे आहे. अपराधाबद्दल झालेली शिक्षाही भोवते आणि दुसऱ्याच्या चुकीची लागलेली झळही भोवते. त्यामुळे एकाच वाक्यात निदान तीन प्रश्न एकमेकांत गुंतून येतात. पहिला न्यायाचा आहे: बापाने जे केले त्याचा जाब देव मुलाला विचारील काय? दुसरा परिणामांचा आहे: बापाच्या वागण्याने मुलाच्या आयुष्याचे नुकसान होते काय? तिसरा कारणाचा आहे: आमच्या घरी आलेले हे विशिष्ट दुःख कोणाच्या पापामुळे आले? या तिन्ही प्रश्नांना ख्रिस्ती परंपरा एकच उत्तर देत नाही. पहिल्याला ती ‘नाही’ म्हणते, दुसऱ्याला ‘होय’ म्हणते, आणि तिसऱ्या प्रश्नाचा निवाडा करण्याचा अधिकार ती सहसा कोणा माणसाच्या हाती देत नाही.

हा फरक समजावून सांगण्यासाठी शास्त्राच्या भाषेची गरज नाही. बापाने गुन्हा केला तर त्याच्या जागी मुलाला तुरुंगात पाठवत नाहीत. पण बाप तुरुंगात गेल्यावर घरची चूल विझते, आणि ती मुलासाठीही विझते. मुलगा उपाशी राहतो याचा अर्थ न्यायाधीशाने त्याला उपासाची शिक्षा दिली असा होत नाही. मराठी घरात वाढलेल्या माणसाला येथे वाल्याची गोष्ट आठवणे साहजिक आहे: लुटीच्या अन्नात सारे घर वाटेकरी होते, पापात वाटेकरी व्हायला मात्र कोणी तयार झाले नाही. ही गोष्ट ख्रिस्ती शिकवणीतली नाही, म्हणून तिच्या आधाराने काही सिद्ध करू नये. पण पाप वाटून घेता येत नाही हे श्रोत्याला मुळापासून समजावावे लागत नाही, एवढा तिचा उपयोग आहे.

विचारणाऱ्याला यांपैकी कोणता प्रश्न छळतो आहे हे कळेपर्यंत एकही वचन वाचू नये. ‘हे आजच का विचारावेसे वाटले?’ एवढे शांतपणे विचारले तरी बहुधा पुरते.

वाचनाचा क्रम उलटा ठेवावा

बायबल पहिल्या पानापासून वाचायची सवय चांगली असली तरी या प्रश्नासाठी ती सोयीची नाही. घाबरलेल्या माणसाने आधी ‘तिसऱ्या व चौथ्या पिढीपर्यंत’ हे शब्द ऐकले की पुढचे त्याच्या कानात शिरत नाही. म्हणून योहानाच्या शुभवर्तमानाचे नववे प्रकरण आधी वाचावे, मग यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचे अठरावे, आणि त्यानंतर निर्गमाकडे यावे. ख्रिस्ती माणूस जुना करार येशूच्या शब्दांच्या उजेडात वाचतो, त्यामुळे या क्रमात काही लबाडीही नाही.

योहान 9 मध्ये जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? शिष्यांना पर्याय दोनच सुचतात आणि येशू दोन्ही नाकारतो. हा माणूस किंवा त्याचे आईबाप निष्पाप होते असे तो म्हणत नाही, हे श्रोत्यांच्या ध्यानात आणून द्यावे. त्या आंधळेपणाचे खाते त्यांच्यापैकी कोणाच्याही नावावर मांडू नका, एवढेच तो सांगतो, आणि देवाचे काम या माणसाच्या ठायी प्रकट व्हावे याकडे लक्ष वळवतो. त्यानंतर तो चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. प्रकरण मात्र येथे संपवू नये. त्याचे आईबाप परूश्यांच्या, म्हणजे नियमशास्त्राबाबत काटेकोर असलेल्या यहुदी पंथाच्या लोकांच्या, धाकाने ‘त्यालाच विचारा, तो वयात आलेला आहे’ म्हणून कसे अंग काढून घेतात, आणि चौतिसाव्या वचनात परूशी त्या बऱ्या झालेल्या माणसाला ‘तू तर पुरता पापात जन्मलेला’ असे म्हणून कसे बाहेर घालवतात, हेही वाचावे. शिष्यांनी जो प्रश्न म्हणून विचारला तोच विचार परूश्यांच्या तोंडी शिवी होऊन येतो. दिव्यांग मुलाच्या आईने ही शिवी निरनिराळ्या सभ्य शब्दांत अनेकदा ऐकलेली असते, आणि शुभवर्तमान त्या बोलण्याला कोणत्या बाजूला ठेवते हे तिला दिसणे महत्त्वाचे आहे.

याच्या जोडीला लूक 13:1-5 ही पाच वचने पुरतात. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजू नका, असे येशू तेथे सांगतो, आणि लगेच ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाला बोलावतो. दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब मांडू पाहणाऱ्याला तो स्वतःच्या खात्याकडे वळवतो.

यहेज्केल आणि आंबट द्राक्षे

यहेज्केल 18 वाचण्यापूर्वी प्रसंग सांगावा, नाहीतर ते प्रकरण नुसत्या नियमांची यादी वाटते. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाने यहूदाच्या, म्हणजे यरुशलेम ही राजधानी असलेल्या राज्याच्या, राजासह हजारो लोकांना कैद करून नेले. त्यांच्यात यहेज्केल होता. परमुलखात बसलेल्या या लोकांच्या तोंडी एक म्हण होती: बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. तीच म्हण यिर्मया 31:29 मध्येही येते. तिच्यात तक्रार आहे, आणि पळवाटही आहे. दोष आमचा नाहीच, तर आम्ही बदलून काय उपयोग, असे ती म्हण सुचवते.

यहेज्केल तिला तीन पिढ्यांचे उदाहरण देऊन उत्तर देतो. नीतिमान बाप जगेल. त्याचा मुलगा हिंसक, लुबाडणारा निघाला तर बापाची नीती त्याला वाचवणार नाही. आणि त्या हिंसक माणसाचा मुलगा बापाची सारी पापे डोळ्यांनी पाहून, विचार करून, तसे वागला नाही, तर तो बापाच्या अन्यायामुळे मरणार नाही. विसाव्या वचनात नियम स्पष्ट येतो: जो पाप करतो तोच मरेल, मुलगा बापाचा अपराध वाहणार नाही आणि बाप मुलाचा वाहणार नाही. प्रकरणाचा शेवट, मला कोणाच्याही मरणात आनंद नाही, फिरा आणि जगा, या हाकेने होतो. ही हाक वगळून विसावे वचन वाचले तर हाती नुसता नियम उरतो. यहेज्केलाला माणसे फिरायला हवी होती.

जिवंत उदाहरण हवे असेल तर यहूदाच्या राजांची वंशावळ फळ्यावर लिहावी. आहाज वाईट, त्याचा मुलगा हिज्कीया चांगला, हिज्कीयाचा मुलगा मनश्शे इतका वाईट की पंचावन्न वर्षांच्या त्याच्या कारकिर्दीत यरुशलेम निष्पापांच्या रक्ताने भरले, त्याचा मुलगा आमोन त्याच वळणावर गेलेला, आणि आमोनाचा मुलगा योशीया, जो आठव्या वर्षी गादीवर बसून दावीदाच्या मार्गाने चालला. ‘खाण तशी माती’ ही म्हण या घराण्याला एका पिढीपलीकडे लागू पडत नाही.

मात्र येथे प्रामाणिकपणा सोडू नये. 2 राजे 23:26 मध्ये असेही लिहिले आहे की योशीयाने एवढे सारे करूनही मनश्शेने केलेल्या पापांमुळे यहूदावरचा कोप शमला नाही, आणि नगर शेवटी पडलेच. योशीयाला मनश्शेचा अपराधी ठरवलेले नाही. परंतु आजोबाने पेरलेले राष्ट्राच्या पदरी पडले. नगर पडल्यानंतरच्या विलापगीताचे पाचवे प्रकरण याबाबतीत फार मोलाचे वाटते, कारण त्यात एकाच प्रार्थनेत दोन्ही गोष्टी आहेत: सातव्या वचनात ‘आमच्या वडिलांनी पाप केले, ते तर गेले, आणि त्यांच्या दुष्कर्मांचा भार आम्ही वाहतो’ अशा अर्थाचे शब्द, आणि सोळाव्यात ‘आम्ही पाप केले आहे, हाय हाय’ ही कबुली. प्रार्थना करणाऱ्याला या दोहोंची संगती लावून देण्याची गरज वाटलेली नाही.

निर्गम 20:5-6 संपूर्ण वाचावे

आता घाबरवणाऱ्या वचनाकडे यावे आणि ते अर्ध्यावर तोडू नये. मूर्तिपूजेविषयीच्या आज्ञेत देव म्हणतो की जे माझा द्वेष करतात त्यांच्या मुलांना तिसऱ्या व चौथ्या पिढीपर्यंत मी वडिलांच्या अन्यायाबद्दल शासन करतो, आणि जे माझ्यावर प्रेम करून माझ्या आज्ञा पाळतात त्यांच्या हजारो पिढ्यांवर दया करतो. तीन-चार विरुद्ध हजार, हे प्रमाण प्रत्यक्ष वचनातच आहे. तरी भिंतीवर लावण्याच्या तक्त्यात आणि प्रवचनातही पहिला अर्धाच अधिक ऐकू येतो.

‘जे माझा द्वेष करतात’ हे शब्द बापांना लागू होतात की त्या पुढच्या पिढ्यांनाही, असा प्रश्न जुन्या काळापासून विचारला गेला. ओंकेलोसाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अरामी भाषांतराने येथे खुलासाच घातला आहे: मुले बापांच्या मागोमाग पाप करीत राहिली तर. तालमुद या यहुदी धर्मपंडितांच्या चर्चाग्रंथातील सान्हेद्रिन या भागातही तोच निर्वाळा आहे: मुले वडिलांची कृत्ये आपल्या हाती धरून ठेवतात तेव्हा. यहुदी परंपरेचा हा दाखला ख्रिस्ती वर्गात देण्यास संकोच करू नये, कारण मूळ भाषा त्यांची आहे. ज्या हिब्रू शब्दाचे भाषांतर आपण ‘अन्याय’ किंवा ‘दुष्कर्म’ असे करतो तो ‘आवोन’ हा शब्दही आपल्या ‘भोवणे’सारखाच आहे: अपराध, अपराधाचा दोष आणि त्याचे फळ या तिन्ही अर्थांनी तो वापरला जातो.

चार पिढ्या म्हणजे काय, हेही सांगावे. त्या काळी एका घराण्यात पणजोबापासून पणतवापर्यंतची माणसे एकत्र राहत असत. घराच्या कर्त्याने मूर्तीला बळी दिला तर त्या पूजेत सारे घर सामील होई. एका माणसाच्या हयातीत त्याच्या पापाची झळ जेवढ्या पिढ्यांना डोळ्यांदेखत पोहोचे, तेवढ्या पिढ्यांचा उल्लेख वचनात आहे.

आणि निर्गमाचे वाचन अनुवाद 24:16 वाचल्याशिवाय संपवू नये. मुलांच्या अपराधासाठी बापाला आणि बापाच्या अपराधासाठी मुलांना जिवे मारू नये, हा न्यायालयासाठी दिलेला नियम तेथे आहे. त्याचे नवेपण कळण्यासाठी बाबेलचा राजा हम्मुराबी याच्या कायद्याशी तुलना करावी: गवंड्याने बांधलेले घर पडून घरमालकाचा मुलगा मेला तर गवंड्याच्या मुलाला ठार करावे, असे त्यात लिहिले होते. अमस्या राजाने आपल्या बापाच्या मारेकऱ्यांना देहदंड दिला पण त्यांच्या मुलांना सोडले, आणि 2 राजे 14:6 सांगते की त्याने हे मोशेच्या नियमशास्त्राला धरून केले. बायबलमध्ये एखादा नियम प्रत्यक्ष पाळल्याची इतकी नेमकी नोंद फार वेळा सापडत नाही.

अवघड उतारे लपवू नयेत

एवढे वाचून झाल्यावर वर्गातला एखादा जाणता माणूस हमखास विचारतो: मग दावीदाच्या बाळाचे काय? हा प्रश्न येण्याची वाट न पाहता आपणच तो काढावा. दावीद राजाने बथशेबेशी व्यभिचार केला, तिचा नवरा उरीया याला युद्धात मारवले, आणि नाथान संदेष्ट्याने त्याला सुनावले की परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस, पण तुला झालेला मुलगा मरेल. सातव्या दिवशी बाळ मेले. हा उतारा सौम्य करून सांगणारी स्पष्टीकरणे मला पटत नाहीत. मजकूर सरळ म्हणतो की परमेश्वराने त्या बाळाला आजारी पाडले. परंतु तीन गोष्टी मजकुरातच आहेत. बाळ दोषी होते असे कोठेही म्हटलेले नाही. ते मेल्यावर दावीद ‘मी त्याच्याकडे जाईन’ असे म्हणतो, म्हणजे बाळ देवाने टाकून दिलेले आहे असे त्याला वाटत नाही. आणि त्याच आईबापांना पुढे शलमोन झाला, तेव्हा त्याच नाथानाच्या हस्ते देवाने त्याला यदीद्या, म्हणजे परमेश्वराला प्रिय, हे नाव पाठवले. नाथानाला हा निरोप देण्यासाठी पाठवले होते. कोणा दुसऱ्याचे बाळ आजारी पडले असता त्याच्या पाळण्यापाशी उभे राहून नाथानाचे शब्द उच्चारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

लुटीतील वस्तू लपवणाऱ्या आखानाबरोबर मारले गेलेले त्याचे घराणे (यहोशवा 7) आणि शौल राजाच्या अपराधाबद्दल गिबोनी लोकांच्या हवाली केलेले त्याचे सात वंशज (2 शमुवेल 21) हे उतारेही वाचावेत, पण त्यांतून सर्वकाळासाठी नियम काढू नये. दुसऱ्या कथेत आपल्या दोन मुलांची प्रेते पाखरांनी आणि जनावरांनी खाऊ नयेत म्हणून शौलाची उपपत्नी रिस्पा कापणीच्या हंगामापासून पाऊस पडेपर्यंत खडकावर गोणपाट अंथरून बसून राहते. त्या आईवर वेळ द्यावा; स्पष्टीकरणावर थोडा कमी दिला तरी चालेल.

आदामाचा प्रश्न वेगळा ठेवावा

‘मग मूळ पाप, म्हणजे पहिला माणूस आदाम याच्यापासून सर्वांना आलेले पाप, ते काय? तेही तर वडिलोपार्जितच ना?’ ही शंका रास्त आहे, पण आदामाचे पाप आणि आपल्या सख्ख्या बापाचे पाप यांना चर्चने कधी एका मापाने मोजलेले नाही. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने हा प्रश्न नेमका असाच विचारला आणि उत्तर दिले की मानवी स्वभावाला बाधलेले आदामाचे ते पहिले पाप तेवढे वंशाबरोबर येते, जवळच्या पूर्वजांची वैयक्तिक पापे येत नाहीत. त्याचा दाखला गमतीदार आहे: व्याकरणकार स्वतःच्या अभ्यासाने मिळवलेले व्याकरण मुलाला जन्माबरोबर देत नाही.

आदामापासून नेमके काय येते, यावर मात्र ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत, आणि उत्तर देणाऱ्याने आपली मंडळी कोणत्या परंपरेतली आहे हे लक्षात ठेवून बोलावे. रोमकरांस पत्र 5:12 मधील शब्द लॅटिन भाषांतरात ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केले’ असे वाचता येत होते, आणि प्राचीन चर्चचा धर्माचार्य ऑगस्टिन याने तो अर्थ धरून पश्चिमेकडील शिकवण घडवली. ग्रीक मजकुराचा अर्थ आज बहुतेक भाषांतरांत ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा देतात. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च म्हणते की आदामापासून आपल्याला मरण आणि दुबळेपण मिळते, त्याचा दोष मिळत नाही. 1647 च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाला मानणाऱ्या प्रेस्बिटेरियन मंडळ्या आदामाचा दोषही वंशजांच्या लेखी धरला जातो असे शिकवतात. कॅथलिक चर्चचा 1992 चा धर्मशिक्षणग्रंथ परिच्छेद 404 व 405 मध्ये सांगतो की मूळ पापाला ‘पाप’ म्हणायचे ते केवळ साधर्म्याने. ती केलेली कृती नसून मिळालेली अवस्था आहे, आणि आदामाच्या कोणत्याही वंशजाच्या बाबतीत तिला वैयक्तिक अपराधाचे स्वरूप नसते. म्हणजे या विषयावर सर्वांत कडक समजल्या जाणाऱ्या शिकवणीतही ‘तुझ्या बापाने असे केले म्हणून तू अपराधी’ या वाक्याला जागा नाही.

येथेच स्तोत्र 51:5 विषयीचा गैरसमज काढून टाकावा. ‘आईने पापात माझे गर्भधारण केले’ हे दावीद स्वतःच्या पापाची कबुली देताना म्हणतो. त्याच्या आईने काही वाईट केले, किंवा गर्भधारणा ही गोष्टच पापमय आहे, असा त्याचा अर्थ लावू नये. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलांना या वचनाने फार दुखावलेले आहे. अशा मुलांच्या बाबतीत चर्चचा स्वतःचा इतिहासही निष्कलंक नाही: 1917 च्या कॅथलिक धर्मसंहितेत अनौरस जन्म हा धर्मगुरू होण्यातला अडथळा म्हणून नोंदवलेला होता, आणि 1983 च्या संहितेत तो वगळला गेला. बाप्तिस्म्यासाठी तर आजच्या संहितेचा 868 वा नियम आईबापांपैकी निदान एकाची संमती आणि मूल श्रद्धेत वाढवले जाईल अशी साधार आशा, एवढेच मागतो. आईबापांचे लग्न झाले आहे की नाही, ही अट त्यात नाही. एखाद्या अविवाहित आईला कोणी परत पाठवले असेल तर हा नियम क्रमांकासह तिच्या हाती द्यावा.

‘पिढीजात शाप’ तोडून घ्यावा का?

गेल्या काही दशकांत प्रार्थनासभांमधून एक निराळी शिकवण पसरली आहे: घरातले आजार, घटस्फोट, आर्थिक अडचणी यांच्यामागे पूर्वजांच्या पापाचे बंधन असते, ते शोधून, नावे घेऊन, विशेष प्रार्थनेने तोडावे लागते. आपल्याकडे या शिकवणीला धार येते, कारण अनेक मराठी ख्रिस्ती कुटुंबांचे आजोबा-पणजोबा ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांच्या देवपूजेचाच शाप आज घराला बाधतो आहे असे त्यांना सांगितले जाते. पितृदोषाची जी भीती मागे सोडून आलो असे वाटत होते, तीच दुसऱ्या दाराने घरात येते.

याला उत्तर देताना पेत्राचे पहिले पत्र 1:18 हे वचन वापरावे. ज्या घराण्यांत मूर्तिपूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, अशांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांनाही ते पत्र गाठते, आणि पूर्वजांकडून परंपरेने आलेल्या निरर्थक वागणुकीतून तुमची सुटका ख्रिस्ताच्या रक्ताने झाली आहे असे तेथे लिहिले आहे. सुटका झाली आहे, व्हायची आहे असे नव्हे. गलतीकरांस 3:13 हेच शापाच्या भाषेत सांगते. ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे त्याच्यावर आजोबांच्या नावाचे न फिटलेले बंधन उरते असे म्हणणे, म्हणजे क्रूसावर झालेले काम अपुरे होते असे म्हणणे आहे. कॅथलिक चर्चमध्ये याच कारणाने फ्रान्सच्या बिशपांनी 2007 मध्ये, पोलंडच्या बिशपांनी 2015 मध्ये आणि स्पेनच्या बिशपांनी 2024 मध्ये पूर्वजांच्या पापांपासून ‘आरोग्य’ मिळवून देणाऱ्या प्रार्थनाविधींविरुद्ध इशारे दिले.

नहेम्या 9 मध्ये लोक उभे राहून आपली आणि आपल्या पूर्वजांची पापे कबूल करतात, त्याचे काय, असे विचारले जाईल. ती कबुली जरूर वाचावी. ती सर्व लोकांनी मिळून, उघड्यावर, इतिहास खरा खरा सांगत केलेली आहे. तिच्यात गुप्त कारणांचा शोध नाही आणि कोणाच्या आजाराचे निदानही नाही. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांच्या गतकाळातील पापांबद्दल क्षमा मागितली ती याच जातीची होती: आजचे विश्वासणारे त्या कृत्यांचे वैयक्तिक अपराधी नाहीत, पण त्यांच्या स्मृतीचा भार ते झटकूनही टाकू शकत नाहीत.

हा भेद न पाळल्याने काय होते याचे भीषण उदाहरण मत्तय 27:25 आहे. रोमी सुभेदार पिलात याच्यापुढे जमाव म्हणतो की येशूचे रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो. आणि या एका वाक्याच्या आधाराने ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी शतकानुशतके यहुदी लेकरांना आईबापांच्या नव्हे, तर कोणा अनोळखी पूर्वजांच्या अपराधाबद्दल छळले. 28 ऑक्टोबर 1965 च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेत कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले की ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर सरसकट, किंवा आजच्या यहुद्यांवर, ठेवता येत नाही.

मग घरात काय करावे

येथपर्यंतच्या उत्तराचा गैरफायदा घेणारा एक श्रोता असतोच, आणि तो बहुधा बाप असतो. मुलाचे पाप मुलाच्या माथी, यहेज्केलानेच सांगितले आहे, असे म्हणून तो मोकळा होतो. त्याला मत्तय 18:6 वाचून दाखवावे. या लहानांतील एकाला जो अडखळवतो त्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे त्याच्यासाठी बरे, असे येशू तेथे म्हणतो. बापाचा दोष मुलाकडे जात नाही, पण मुलाचे जे नुकसान झाले त्याचा जाब बापाकडे नक्की येतो. दारू, मारहाण, लपवलेले कर्ज, मोडलेले शब्द यांचे परिणाम मुलांच्या अंगावर उतरतात, आणि नुसत्या पापांगीकाराने ते पुसले जात नाहीत. जकातदार जक्कयाने (लूक 19) फसवून घेतलेल्याच्या चौपट परत करीन असे म्हटले. ते नुसते दिलगिरीचे शब्द नव्हते, त्यात आकडा होता. म्हणून अशा बापाशी बोलताना क्षमेच्या वचनाबरोबर कामेही ठरवावीत: मुलाची माफी त्याच्यासमोर आणि नेमक्या गोष्टीचे नाव घेऊन मागणे, घेतलेले पैसे परत करणे, व्यसन असेल तर उपचार घेणे. पुण्यात 1986 पासून चालणारे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र, किंवा अल्कोहोलिक्स अॅनॉनिमससारखे गट यासाठीच आहेत. मुलाला मारहाण किंवा अत्याचार झाला असेल तर प्रार्थनेच्या आधी त्याची सुरक्षितता पाहावी.

आजारी किंवा दिव्यांग बाळाच्या आईशी मात्र याच्या अगदी उलट बोलावे. तिला आधी ‘नाही’ हा शब्द ऐकू द्यावा, वचने मागून येऊ द्यावीत. घरात पूर्वी कोणी काय केले होते, असा प्रश्न विचारू नये, सहज म्हणूनही विचारू नये. देवाची काही योजना असेल, हे वाक्यही त्या दिवशी आवरावे. तिच्या हातून खरोखरच काही घडले असेल, उदाहरणार्थ गरोदरपणात तिने दारू घेतली असेल आणि डॉक्टरांनी बाळाच्या त्रासाचा संबंध तिच्याशी जोडला असेल, तर ते नाकारूही नये. कार्यकारण खरे असते तेव्हा ते डॉक्टर सांगतात, आणि त्याला देवाने बाळाला दिलेली शिक्षा असे नाव देण्याची गरज पडत नाही.

तिसरा माणूस म्हणजे वाईट नाव असलेल्या बापाचा मोठा झालेला मुलगा किंवा मुलगी. त्याला आईबापांचा मान राखण्याची आज्ञा टोचत असते, आणि बापाचे कृत्य उघड बोलणे म्हणजे ती मोडणे असे वाटत असते. मान राखणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, हे त्याला सांगावे लागते. प्रार्थनेला शब्द हवे असतील तर साधे द्यावेत: बाबांनी हे केले, ते माझे पाप नाही, त्याची झळ मला लागली आहे, ती माझ्या मुलांपर्यंत जाऊ नये म्हणून मला सांभाळ. बाप हयात नसेल तर त्याच्यासाठी प्रार्थना करावी की नाही याचे उत्तर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट परंपरांत वेगळे आहे, तेव्हा ते त्याच्या मंडळीप्रमाणे द्यावे.

अशा माणसाबरोबर वाचण्यासाठी मी स्तोत्र 84 निवडतो, आणि त्याच्या वरची ओळ वगळू देत नाही: ते कोरहाच्या वंशजांचे स्तोत्र आहे. कोरहाने मोशे व अहरोन यांच्याविरुद्ध बंड केले, याजकपदावर हक्क सांगितला, आणि भूमीने त्याला गिळले; पण गणना 26:11 मध्ये एक छोटेसे वाक्य आहे की कोरहाचे मुलगे मेले नाहीत. पुढे त्यांच्या वंशाकडे मंदिराच्या दारांची राखण आली. त्या घराण्याच्या नावाने असलेल्या या स्तोत्राचे दहावे वचन, दुष्टांच्या तंबूंत राहण्यापेक्षा माझ्या देवाच्या घराच्या उंबरठ्यावर उभे राहणे मला अधिक आवडते, हे त्यालाच मोठ्याने वाचायला सांगावे.